ट्रॅव्हलरमधला लाकडी पलंग: मे महिना, पाऊस आणि घाट काढल्यावर

आधी निकाल सांगते, मग पुराण. आमच्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमधला लाकडी पलंग होळीच्या सुमाराला बसला आणि आता दिवाळी होऊन गेली. पलंग टिकलाय, झोप छान लागते, आणि कोणी विचारलं तर असाच करून घ्या म्हणून सांगेन. दोन-तीन तक्रारी आहेत, त्याही येतीलच. पण घरच्या पलंगाची अक्कल गाडीत चालत नाही, हे सुताराकडे जाण्याआधी डोक्यात पक्कं असू द्या. घरात सगळं गच्च बसवलं की काम संपतं. गाडीत काय घट्ट करायचं आणि काय मुद्दाम सैल सोडायचं, हे आधी ठरवावं लागतं.

माप ७५ इंच लांब, ४८ इंच रुंद. दुकानात तयार गादी मिळते तेच. पलंग गाडीच्या लांबीला धरून आहे. आडवा केला तर जागा वाचते हे खरं, पण आमच्या ह्यांची उंची सहा फुटाला टेकलेली. पाय दुमडून झोपायचं तर घरी सोफा आहेच. जमिनीपासून पट्ट्यांपर्यंत १६ इंच, वर ४ इंचांची गादी. सासूबाईंच्या गुडघ्यांना उठा-बसायला ही उंची सोसते, आणि माझ्या मते घरात वयस्कर माणूस असेल तर मापाची सुरुवात इथूनच करावी.

लाकडावरून मिस्त्रींशी बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: १८ मिलिमीटर प्लायची पेटी, वर सनमायका, खाली ड्रॉवर. "ताई, घरात करतो तसंच करू. हलायचं न्हाई बघा." मी कागदावर हिशेब मांडला. आठ बाय चारचा १८ मिलिमीटरचा एक प्लाय जवळपास ३५ किलो भरतो. आमच्या मापाचा नुसता वरचा पाटच २७ किलोच्या आसपास. त्याला बाजू, कप्पे, ड्रॉवर लावले की पलंग आरामात साठीच्या घरात जातो, आणि ते ओझं डिझेल जाळत कायम वाहायचं. चौकट-पट्ट्यांचा आमचा पलंग गादी सोडून ३२-३३ किलोत बसला.

चौकट आणि सहा पाय जुन्या सागवानाचे आहेत. जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि दारांचं लाकूड विकायला येतं. कित्येक दशकं वाळलेलं हे लाकूड नव्यासारखं पिळत नाही. फक्त रंध्याखाली घालण्याआधी त्यातले जुने खिळे शोधून काढा, नाहीतर पातं जातं आणि त्यामागून मिस्त्रींचा मूड.

वरच्या पट्ट्या पाइनच्या. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्या खोक्यांचं लाकूड भंगारात मिळतं. त्यावरचा शिक्का बघून घ्यावा. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवून किडीपासून मोकळं केलेलं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. त्यावर अंथरूण घालायची माझी तयारी नाही. शिक्काच नसेल तर तो ढीग सोडून पुढे जावं. त्यात आधी काय सांडलं होतं, देव जाणे.

पट्टी ३ इंच रुंद, पाऊण इंच जाड, दोन पट्ट्यांत २ इंच फट. अशा १५ झाल्या. बाजूच्या दोन कडा आणि मधला एक आधार, अशा तीन ठिकाणी त्या टेकतात, पण चौकटीला ठोकलेल्या नाहीत. खाटेची नवार असते ना, तिच्या दोन लांब पट्ट्यांवर सगळ्या लाकडी पट्ट्या बारीक स्क्रू आणि वायसरने पकडल्या. फक्त डोक्याकडची आणि पायाकडची पट्टी चौकटीला बोल्टने बांधली. पायाकडचे दोन नट हातानेच फिरतात. ते सोडले की सगळा बिछाना चटईसारखा गुंडाळत डोक्याकडे नेता येतो आणि खालचं सामान वरून दिसतं. मिस्त्रींनी आधी नाक मुरडलं होतं. काम झाल्यावर मात्र स्वतःच तीनदा गुंडाळून पाहिलं.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. सोलापुरात पारा ४२-४३ ला जातो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या पोटात त्याहून कितीतरी वर. शिवाय हवा ठणठणीत कोरडी. लाकडातला ओलावा गेला की ते आडव्या अंगाने आकसतं. लांबीत फरक नावापुरता. बोल्टच्या पकडीतलं लाकूड बारीक झालं की बोल्ट न फिरताच सैल पडतो. गोंदाचं वेगळंच. सुतारकामाचा नेहमीचा पांढरा गोंद उष्णतेने नरमतो, आणि नरमलेल्या सांध्याला खड्ड्यांचे हिसके बसत राहिले तर सांधा हळूहळू सरकतो. म्हणून आमचे सगळे मुख्य सांधे ८ मिलिमीटरच्या बोल्टचे आहेत, दोन्हीकडे रुंद वायसर, आणि आत नायलॉनचं कडं असलेले नट. थरथरीने हे नट सुटत नाहीत. मे महिन्यात पाना लावला तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने अर्धा फेरा घेतला. पावसाळ्यात उलटं होतं, लाकूड फुगून आपोआप आवळतं. तेव्हा पाना हातात घेऊच नये. फुगलेल्या लाकडावर जोर केला तर वायसर रुततो आणि पुढच्या उन्हाळ्यात सांधा आणखी सैल होतो. नवारीवरच्या पट्ट्यांना या कशाचंच सोयरसुतक नाही. मध्ये फटी आहेत, आकसा नाहीतर फुगा.

पॉलिशऐवजी जवसाचं तेल दिलं, पातळ हात, प्रत्येक हात नीट वाळू देऊन. वास बरेच दिवस राहतो, पण डोकं धरणारा नाही. इकडे जवस म्हटलं की चटणी आठवते, त्यामुळे तेलाच्या फडक्यांकडे कोणी गंभीरपणे बघत नाही. बघायला हवं. हे तेल वाळतं म्हणजे हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतं, आणि त्यात उष्णता तयार होते. चुरगळून कोपऱ्यात टाकलेलं फडकं आपलं आपण पेटू शकतं. वापरलेली फडकी बाहेर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आमच्या मे महिन्यात तर यात सूट नाहीच.

पावसात कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे उतरलो तेव्हा फटींचा दुसरा उपयोग कळला. बंद गाडीत दोघं-तिघं झोपले की श्वासाची वाफ गादीच्या थंड तळाशी जाऊन दमट होते. सपाट प्लायवर ती अडकते आणि बुरशी धरते. आमच्या गादीचा तळ सकाळी जरा गार लागायचा. तासभर उभी करून ठेवली की कोरडी. ओल खरी चढते ती पायांकडून. ओल्या चपलांचं पाणी जमिनीवर साचतं आणि लाकडाचा कापलेला तोंडाकडचा भाग ते वर ओढून घेतो. म्हणून सहाही पायांच्या तळाला एपॉक्सी, म्हणजे पाणी आत न जाऊ देणारी घट्ट राळ, लावलंय आणि खाली रबराचे जाड तुकडे. तेल एकवेळ नंतर देता येईल, हे आधी करा.

आता घट्ट काय हवं ते. पलंगाची चौकट लोखंडी अँगलने सीटच्या मूळ बोल्टच्या जागांवर आवळली आहे. साठच्या वेगात कचकन ब्रेक दाबला तर सामानावर पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या पाऊणपट जोर येऊ शकतो. पलंग, गादी, खालच्या पेट्या मिळून ८० किलो धरा. म्हणजे ६० किलोचा रेटा, तोही चालवणाऱ्याच्या पाठीकडे. टक्करीत हाच आकडा कितीतरी पटींनी वाढतो. पत्र्यात स्क्रू मारून हे काम भागत नाही. आणि चालत्या गाडीत पलंगावर कोणी आडवं व्हायचं नाही. सासूबाई तुळजापूरला जाताना दरवेळी घासाघीस करतात, "पंचेचाळीस किलोमीटर तर आहे," म्हणून. तरीही पट्टा लावून सीटवरच.

सीट काढून पलंग बसवणं हा कायद्याच्या नजरेत गाडीतला फेरबदल आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल बघता, लाकूड आणण्याआधी आरटीओत मंजुरी आणि आरसीवरच्या नोंदीचं विचारून या. विम्याचा दावा अडला की सागवान कामाला येत नाही.

तक्रारी. पहिली आवाजाची. चौकट गाडीच्या बाजूला जिथे टेकते तिथे लाकूड आणि पत्रा एकमेकांवर घासून करकरतात. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरी कापडाच्या, पट्ट्या चिकटवल्या, लाकडी पट्ट्या टेकतात तिथे मेणबत्ती घासली. बराचसा गेला, खराब रस्त्यावर थोडा उरतोच. दुसरी पाण्याच्या जारची. २० लिटरचा जार उभा १९ इंचांहून थोडा जास्त, त्यामुळे पलंगाखाली उभा जात नाही, आणि आडवा ठेवला तर झाकणातून पाझरतो. आम्ही १० लिटरचे बुटके कॅन घेतले. तिसरी धुळीची. फटींतून सगळी धूळ खालच्या सामानावर उतरते, झाकणाच्या पेट्यांशिवाय पर्याय नाही. एक गोष्ट पलंगाखाली कधीच जात नाही, ती म्हणजे छोटा गॅस सिलिंडर. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खालीच, पलंगाखालीच साठून राहणार.

गादी फोमची. घरची कापसाची गादी जास्त आवडते, पण ती जड, आणि एकदा ओल धरली की प्रवासात वाळत नाही. फोम मे महिन्यात पाठ भाजतो, म्हणून वर जाड सोलापुरी चादर दुहेरी घालतो. गावची बढाई म्हणा हवं तर, पण घाम तीच टिपते. गादी, लाकूड, लोखंड, मजुरी सगळं मिळून पंधरा हजारांच्या आत बसलं. तयार कॅरव्हॅनवाल्याकडून नुसत्या पलंगाचा आलेला आकडा इथे लिहीत नाही.

एक काम बाकी आहे. मधला आधार एकसंध असल्यामुळे लांब वस्तू, म्हणजे घडीचं टेबल किंवा सतरंजीची गुंडाळी, खाली आडवी सरकत नाही. तो दोन तुकड्यांत करून मध्ये मोकळी जागा ठेवायची आहे. मिस्त्रींना सांगून ठेवलंय. त्यांची ज्वारी उभी आहे, त्यामुळे काढणी होईपर्यंत टेबल छतालाच बांधलेलं राहील.