फ्लर्ट पोल: काठी बरी, शिलाई कच्ची

पाचपैकी चार. कापलेला एक स्टार शिलाईचा आहे. मी लालबागला ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून आतली टीप बघायची, ही माझी जुनी खोड. घरचे लग्नातला अहेरसुद्धा माझ्या हातात जपून देतात.

फ्लर्ट पोल म्हणजे कुत्र्याला खेळवायची काठी. वस्तू अशी आहे: फायबरची पोकळ काठी, तीन तुकड्यांत येते, आटे फिरवून जोडायची. जोडली की माझ्या छातीपर्यंत येते. टोकाला दोरी, दोरीच्या आत रबर, आणि शेवटी फ्लीसच्या कापडाची वेणी घातलेली शेपटी. आपण काठी फिरवायची, शेपटी जमिनीवरून पळते, कुत्रं तिच्या मागे. मांजरासाठी पिसांची काठी मिळते ना, तिची ही थोरली बहीण. मला साडेआठशेला पडली.

घेण्याआधी बाकीच्यांची मतं वाचली. ‘दहा मिनिटांत डॉगी गार’, ‘पैसा वसूल, आता रात्रभर झोपतो’. लॅब्राडोरवाल्यांचं असेल तसं. आमच्याकडे बॉर्डर कॉली आहे, आणि तिला दमवायला म्हणून ही काठी घेणार असाल तर पैसे वाचवा. बॉर्डर कॉली दमवून दमत नाही, तिचा दम वाढतो. आज दहा मिनिटं पळवली की महिन्याभराने वीस मागते. ही काठी कामाची आहे ती वेगळ्या गोष्टीसाठी: कुत्र्याला थांबायला शिकवायला. बाकीच्या मतांत त्याबद्दल एक ओळ नाही, म्हणून एवढं लिहायला बसले.

आमची बॉबीन काळी-पांढरी, 16 किलोची. एका गिऱ्हाइकाने मोबाइलवरचे व्हिडिओ बघून पिल्लू घेतलं, वर्षभरात त्यांचा सोफा आणि संयम दोन्ही संपले, आणि ती माझ्याकडे आली. दुकानात शिलाई मशीन सुरू झालं की ही समोर पोटावर बसायची आणि मशीनच्या चाकाकडे बघत राहायची. पापणी हलत नसे. ब्लाउज टाकायला आलेल्या बायका म्हणायच्या, किती गं शांत कुत्री! शांत कसली, ती चाक हाकत होती.

या जातीचं मूळच ते आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांनी ती घडवली. शिकारी जनावर आधी नजर रोखतं, मग दबकत पुढे जातं, मग धावतं, मग पकडून मारतं. मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत नजर, दबकणं आणि धावणं ठेवलं, आणि पकडून मारण्याचा भाग दाबून टाकला. नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर यांच्याकडे 1893 साली जन्मलेला ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा होता. तो गाजावाजा न करता, नुसत्या नजरेच्या जोरावर मेंढ्या हलवायचा. आजच्या जवळजवळ सगळ्या बॉर्डर कॉली त्याच्या वंशातल्या. माझ्या मशीनच्या चाकावर रोखलेली नजर तिथून आलेली आहे. ती ओरडून जात नाही आणि बिस्किटाने तर मुळीच जात नाही.

आमच्या बिल्डिंगमधले एक आजोबा लिफ्टमध्ये भेटले की दर वेळी म्हणतात, ‘ताई, मेंढ्यांचं कुत्रं ना हे? मग धनगरांना देऊन टाका की.’ माझं माहेर माण तालुक्यातलं, धनगरांची कुत्री बघत वाढले मी. ती मेंढ्यांच्या वाड्याभोवती बसतात आणि लांडगा आला की अंगावर जातात. त्यांचं काम राखणीचं. मेंढ्या हाकायच्या माणसाने. राखणीचं कुत्रं दुपार झोपून काढतं, त्याचं काही बिघडत नाही. हाकणाऱ्या कुत्र्याला मात्र ‘आता डावीकडून जा, आता बस, आता थांब’ असं सांगणारं कोणीतरी लागतं. कोणी सांगितलं नाही तर ते आपलं काम आपण शोधतं. आमच्या मजल्यावर ते काम म्हणजे पॅसेजमध्ये पकडापकडी खेळणारी मुलं. बॉबीन त्यांना भिंतीकडे गोळा करायची, आणि एखादं मूल सुटून पळालं की टाचेला हलकेच दात लावायची. रक्त नाही, ओरखडाही नाही, पण शेजारणीला ‘अहो, ही हाकते आहे, चावत नाही’ असं समजावून बघा एकदा.

आता काठी वापरायची कशी ते सांगते. काठी उचलायची नाही, आधी कुत्रीला बसवायचं. शेपटी जमिनीवर निपचित पडलेली. बॉबीनचं डोकं खांद्याच्या खाली जातं, पुढचा एक पाय दुमडून हवेत राहतो, शेपूट दोन पायांच्या मधे खाली, आणि तोंड मिटलेलं. तोंड मिटलेलं आहे ना, हे बघायचं. जीभ बाहेर काढून धापा टाकत असेल तर ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही. मग ‘घे’ म्हणायचं. दोन मोठे वळसे जमिनीलगत, दिशा बदलत, मग शेपटी मुद्दाम तिच्या तोंडी लागू द्यायची. पकडू द्यायचीच. मग काठी ढिली सोडायची, म्हणजे खेळणं मेलं. ‘सोड’. सोडलं, बसली, नजर माझ्याकडे वळली की बक्षीस म्हणजे पुन्हा ‘घे’. सुरुवातीला ‘सोड’ म्हटल्यावर ती माझ्याकडे नाही, दोरीकडेच बघत राहायची. तेव्हा नुसतं उभं राहायचं. कंटाळा येतो, हात दुखतो, पण उभं राहायचं. एकदा तिला कळलं की शेपटी तिच्या धावण्याने नाही तर थांबण्याने जिवंत होते, की पुढचं सगळं सोपं आहे.

आता पॅसेजमध्ये मुलं धावली तर मी ‘बस’ म्हणते. ती बसते. थरथरत बसते, पण बसते.

एक पथ्य. शेपटी हवेत उडवून कुत्र्याला उड्या मारायला लावू नका, व्हिडिओत कितीही छान दिसलं तरी. हवेत वळून एका पायावर उतरली की गुडघा कामातून जातो. वर्ष-सव्वा वर्षापर्यंतच्या पिल्लाची हाडं अजून वाढत असतात. त्याला हळू, सरळ रेषेत आणि अगदी थोडं. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनीही मला हेच बजावलं.

जागा म्हणाल तर आमची गच्ची. सेक्रेटरींनी सकाळी साडेसहाच्या आत आटपायच्या अटीवर परवानगी दिली आहे, आणि ती अट कुत्रीच्याच फायद्याची निघाली. गच्चीवर चायना मोझॅक आहे: पावसात घसरडा, एप्रिलमध्ये नऊ वाजता तवा. मी तिथे हिरवं प्लॅस्टिकचं गवत अंथरते. गुळगुळीत लादीवर ही काठी फिरवूच नका.

उन्हापेक्षा मला भीती वाटते ती दमट हवेची. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकून तोंडातला ओलावा उडाला की त्याचं अंग थंड होतं, आणि आपल्या मे-जूनच्या हवेत तो ओलावा धड उडतच नाही. त्यात या जातीत ‘बॉर्डर कॉली कोलॅप्स’ नावाचा एक प्रकार आढळतो: पाच ते पंधरा मिनिटं जोरात धावलं की काही कुत्री झोकांड्या खायला लागतात, मागचे पाय ओढतात, भान हरपल्यासारखं करतात. गरम हवेत हे जास्त होतं. बॉर्डर कॉली स्वतःहून ‘पुरे’ म्हणत नाही, आपणच म्हणायचं. मी दोन-तीन मिनिटं खेळवते, पाणी, सावली, मग पुन्हा थोडं. उन्हाळा म्हणून अंगावरचे केस भादरू मात्र नका. दुहेरी कोट असतो, आतला मऊ थर विंचरून काढला की हवा खेळते. भादरलं तर ऊन थेट कातडीवर.

आणि गोचिडांचा विषय निघालाच आहे तर (निघाला नव्हता, पण पावसाळ्यात निघतोच): कोणी ओळखीच्याने सांगितलं म्हणून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देऊ नका. कॉलीच्या कुळातल्या काही कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे ते औषध मेंदूपर्यंत पोचतं आणि जिवावर बेततं. बॉर्डर कॉलीत हा दोष कमी आढळतो, पण आढळतो. आधी डॉक्टरांना जात सांगा.

काठीचे पैसे खरे वसूल झाले ते गणपतीत. लालबागला त्या दिवसांत कुत्रं घेऊन खाली उतरणं म्हणजे काय, हे इथल्या माणसालाच कळेल. राजाची रांग, दुतर्फा बांबू, पहाटे तीनलाही माणसांचा पूर, ढोल, वर फटाके. ही जात आवाजाला हळवी असते. बॉबीन पहिल्या ढोलाला कपाटामागे जाते. लांबची फेरी बंद, मग तिचं डोकं कुठे लावायचं? पहाटे गच्चीवर थोडी काठी, आणि घरात नाकाचं काम. त्यासाठी बाजारात ‘स्नफल मॅट’ म्हणून चिंध्या लावलेली सतरंजी बाराशे-पंधराशेला विकतात. त्याला पैसे घालू नका. जुन्या रबरी पायपुसण्याच्या भोकांत फ्लीसच्या पट्ट्या गाठी मारून बसवा, आत कोरडं खाणं लपवा. अर्धा तास नाक घालून बसते. नाहीतर वस्तूंची नावं शिकवा. अमेरिकेत जॉन पिली नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला 1,022 खेळण्यांची नावं शिकवली होती, 2011 मध्ये त्यावर शोधनिबंध आला. आमची मजल ‘टेप आण’, ‘चप्पल आण’, ‘बाबांचा टॉवेल आण’ इथपर्यंत. टेप रोज आणते, मागितला नाही तरी.

लेझरचा लाल ठिपका मात्र चुकूनही नको. त्याच्या मागे धावून हाताला काहीच लागत नाही. मग या जातीची काही कुत्री भिंतीवरच्या सावल्या आणि घड्याळाच्या काचेचं चमकणं यांच्या मागे लागतात, आणि ते वेड सुटता सुटत नाही. काठीची शेपटी निदान शेवटी तोंडात येते.

आता शिलाई. काठीबद्दल तक्रार नाही, आटे घट्ट बसतात, मुठीवरचा फोम घामाने सुटला नाही. दोरीतलं रबर दोन्ही बाजूंनी बोलतं: ओढताना कुत्र्याच्या दाताला आणि मानेला झटका बसत नाही हे चांगलं, पण कुत्र्याने अचानक सोडलं तर शेपटी सप्पकन आपल्या तोंडाकडे येते. चष्मा लावून खेळा. खरी अडचण शेपटी जिथे दोरीला जोडली आहे तिथे. आत गाठ आहे आणि तिच्यावर एकच सरळ टीप, तीही लांब टाक्यांची, शेवटी उलटी टीप न मारता दोरा नुसता कापलेला. ओढाताणीच्या जागी अशी टीप आम्ही उशीच्या अभ्यालाही मारत नाही. पहिल्याच आठवड्यात उसवायला लागली. विक्रेत्याला फोटो पाठवला, नुसती शेपटी वेगळी मिळेल का विचारलं. हसऱ्या चेहऱ्याची एक इमोजी आली, उत्तर आलं नाही.

हे उसवणं नुसतं दिसायला वाईट नाही. सुटलेला लांब दोरा कुत्र्याने गिळला तर तो आतड्यात अडकतो, आतडं त्याच्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि ऑपरेशनची पाळी येते. म्हणून दर खेळानंतर शेपटी हाताने चाचपायची, सुटलेले धागे कात्रीने कापायचे, आणि काठी कुत्र्याच्या हाती न लागेल अशी वर ठेवायची. चघळायचं खेळणं नाही हे.

मी जोड उसवून नेवारीची पट्टी घातली, बॅगेच्या बंदाला मारतात तसा चौकोन आणि आत फुली, नायलॉनच्या जाड दोऱ्याने. त्यानंतर हललेली नाही. तुमच्याकडे मशीन नसेल तर कोपऱ्यावरच्या बॅगवाल्याकडे किंवा चांभाराकडे न्या, वीस-तीस रुपयांत होतं. नवी काठी आली की खेळायच्या आधी न्या.

शेपटीचा रंग निवडता येतो तिथे लाल किंवा हिरवा घेऊ नका. कुत्र्यांना ते दोन्ही नीट वेगळे दिसत नाहीत, आणि हिरव्या गवतावर लाल शेपटी तर हरवतेच. निळी किंवा पिवळी घ्या. मला त्यांनी लाल पाठवली होती. मी पिवळ्या फ्लीसची नवी विणली, कापड पाव मीटर लागलं.