व्हीसीआरचं ‘हेड गेलंय’ सांगून मला ४,८०० रुपयांना फसवलं

घरात जुन्या लग्नाची कॅसेट असेल, तर व्हीसीआर (व्हिडिओ कॅसेट चालवायचं मशीन) दुरुस्तीला देण्याआधी हे वाचा. माझं झालं ते तुमचं होऊ नये.

आई-बाबांच्या लग्नाची १९९१ची व्हीएचएस कॅसेट आईच्या साठीला कॉम्प्युटरवर उतरवून द्यायची, म्हणून माळ्यावरचा व्हीसीआर काढला. पहिली दोन मिनिटं मांडव, वरात स्वच्छ दिसली. मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. आवाज मात्र खणखणीत.

दुरुस्तीच्या दुकानदाराने झाकणही न उघडता सांगितलं, “ताई, हेड गेलंय, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा भाग. इम्पोर्टेड टाकावं लागेल, माझ्याकडे एकच शिल्लक आहे.” व्हीसीआर बनवणं जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६मध्ये थांबवलं, हे मला माहीत होतं. त्यामुळे ‘एकच शिल्लक’ मला खरं वाटलं. आतलं रबरही बदलतो म्हणाला. चार दिवसांनी त्याने स्वतःची कॅसेट लावून दाखवली, चित्र झकास. मी ४,८०० रुपये दिले, बिल साध्या कागदावर.

घरी आमची कॅसेट लावली. दोन-तीन मिनिटांत पुन्हा मुंग्या. घाबरून कॅसेट बाहेर काढायला गेले, तर टेपचा वेटोळा आतच अडकलेला. परत गेले तेव्हा तो म्हणाला, “तुमची कॅसेटच खराब आहे, माझा काय दोष?”

शेवटी शेजारच्यांच्या ओळखीने एक काका भेटले. आयुष्यभर टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त करून आता घरी बसलेले. त्यांनी माझ्यासमोर झाकण उघडून बॅटरी मारली. चित्र वाचणारी हेडं ड्रमवर, म्हणजे आतल्या फिरत्या धातूच्या गोलावर असतात आणि तो ड्रम मिनिटाला १,५०० फेरे फिरतो. आमच्या मशीनमध्ये आवाजाचं हेड वेगळं, जागच्या जागी. आवाज ठीक आणि चित्राला मुंग्या, तर आधी ड्रमवरच्या हेडांत घाण अडकलीय असं समजायचं. आमच्या ड्रमचं हेड बदलायचं तर सोल्डर, म्हणजे तारा जोडणारा वितळवलेला धातू, काढावं लागतं. काकांनी बोट ठेवून दाखवलं: सोल्डर काळवंडलेलं, त्यावर धूळ, स्क्रूवरचा कंपनीचा रंगाचा ठिपकाही न फुटलेला. म्हणजे हेड मुळातलंच, त्याने फक्त पुसलं होतं. रबरही जुनंच, काचेसारखं गुळगुळीत. ते घसरत होतं, म्हणून टेप गुंडाळणारी रीळ फिरेना आणि टेप आत साचली.

घाण कुठून आली तेही कळलं. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं, तर गुंडाळीच्या कडेला पांढरी पूड. बुरशी. कोल्हापूरच्या इतक्या पावसाळ्यांत कॅसेट माळ्यावर होती. कॅसेट लावली की प्रत्येक वेळी ती बुरशी हेडांना माखत होती. दुकानदाराला हे दिसलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

काकांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं शॅमॉय (मऊ चामड्याचं फडकं) ड्रमला स्थिर धरलं आणि ड्रम हाताने हळूहळू फिरवला. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या कधीच वापरू नका आणि वर-खाली घासू नका, हेड तुटतं. नवं रबर धरून त्यांनी ६०० रुपये घेतले, तेही मी बळेच दिले.

तुम्ही आधी दुसरी, स्वच्छ कॅसेट लावून बघा. खिडकीत पांढरं दिसलं तर कॅसेट मशीनला लावूच नका. मशीन देण्याआधी ड्रमचा फोटो काढा, बदललेला जुना भाग हातात मागा, पक्कं बिल घ्या. माझ्याकडे ते नव्हतं, म्हणून मी काही करू शकले नाही. आणि आपली कॅसेट दुकानात कधीच ठेवू नका.

कॅसेट आता कॉम्प्युटरवर उतरली आहे. गुंता झाला तिथे टेपची वरची कड दुमडली, आणि आवाजाची पट्टी नेमकी त्याच कडेला असते. आई उखाणा घेते ती जागा. सगळ्या बायका हसताना दिसतात, आईचे ओठ हलतात, पण ऐकू काहीच येत नाही. आईला विचारलं, तर तिलाही तो आता आठवत नाही.