ग्रीन बेल्टवरच्या साइटला हरकत: समितीचं तयार पत्र की स्वतःचं?

गावाच्या कडेला ग्रीन बेल्टमधल्या, म्हणजे शहरांचा पसारा रोखायला मोकळ्या राखलेल्या पट्ट्यातल्या, एखाद्या शेतावर जिप्सी अँड ट्रॅव्हलर साइटचा, म्हणजे या फिरस्त्या समाजांच्या कॅरॅव्हॅन (चाकांवरची घरं) उभ्या करायच्या जागेचा, अर्ज आला की पुढचे तीन आठवडे कसे जातात, हे इंग्लंडच्या खेड्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. गल्लीतल्या खांबाला नोटीस लागते, व्हॉट्सॲप ग्रुप दिवसरात्र वाजत राहतो आणि मग साइटला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांच्या समितीचं एक पत्रक दारातून आत पडतं. पत्रकावर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन करायचा, नाव-पत्ता भरायचा, बटण दाबायचं, झाली हरकत नोंदवून.

हर्टफर्डशरमध्ये आमच्या गावाबाहेर असाच अर्ज आला, तेव्हा मी ते बटण दाबलं नाही. स्वतःचं पत्र लिहिलं. नंतर आसपासच्या एक-दोन मराठी घरांतून हाच प्रश्न आला, म्हणून दोन्ही वाटा इथे मांडतो. हरकत घ्यायची हे तुमचं ठरलंय असं मी धरून चालतोय. जागेबद्दल काहीच खटकत नसेल तर गप्प बसायला किंवा पाठिंब्याचं पत्र लिहायलाही पूर्ण मोकळीक आहे, आणि तसं लिहिणारे आमच्या गावातही होते.

आधी तयार पत्राची बाजू, कारण ती दुबळी नाही. मुदत जेमतेम २१ दिवसांची. दोघांच्या नोकऱ्या, मुलांच्या शाळा, त्यात प्लॅनिंगची, म्हणजे बांधकाम परवानगीच्या नियमांची, भाषा किचकट. समितीने वर्गणी काढून सल्लागार नेमलेला असेल तर त्या पत्रात चार मुद्दे कामाचे असतातच. शिवाय आकड्याला काहीच किंमत नाही असंही नाही. बऱ्याच कौन्सिलमध्ये हरकती ठराविक संख्येच्या वर गेल्या किंवा नगरसेवकाने मागणी केली, की अर्जाचा निर्णय प्लॅनिंग अधिकाऱ्याच्या टेबलावर न होता कौन्सिलच्या प्लॅनिंग समितीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर होतो. तुमच्या कौन्सिलचा नियम तसा असेल तर बटण दाबण्यालाही अर्थ आहे. गावात नवीन असलेल्या माणसाला शेजाऱ्यांबरोबर उभं राहावंसं वाटतं, तेही मी समजू शकतो.

पण एकदा संख्या भरली की पुढे मजकूरच बोलतो. अधिकाऱ्याचा अहवाल उघडून बघा. एकसारखी पत्रं एकत्र बांधून त्यांचा सारांश दोन-तीन ओळींत दिलेला असतो. सह्यांचं निवेदन तर बहुतेक ठिकाणी एकच हरकत म्हणून धरतात. मग मुद्दे तपासले जातात. घरांच्या किमती पडतील हा मुद्दा तिथेच गळतो, कारण प्लॅनिंगमध्ये तो धरतच नाहीत. अर्जदार माणूस म्हणून कसा आहे, हाही धरत नाहीत.

दुसरी अडचण अशी की बरीच तयार पत्रं ‘ही ग्रीन बेल्ट आहे, म्हणून नको’ एवढ्यावरच उभी असतात. एकेकाळी तेवढ्याने बरंच काम व्हायचं. डिसेंबर २०२४मध्ये राष्ट्रीय धोरण बदललं आणि ‘ग्रे बेल्ट’ आला. मोठ्या शहराचा पसारा रोखणं, दोन शहरं एकमेकांना भिडू न देणं आणि ऐतिहासिक शहराचा परिसर जपणं, या तीन कामांत ठळक वाटा नसलेली ग्रीन बेल्टची जमीन, तिथे पूर्वी बांधकाम झालेलं असो वा नसो, आता ग्रे बेल्ट ठरू शकते. तिथे साइटची गरज सिद्ध झाली आणि बाकीच्या अटी पुऱ्या झाल्या, तर ते बांधकाम मुळात अयोग्य धरलं जात नाही. आमच्या समितीच्या पत्रात ‘आपलं गाव शेजारच्या गावाला जाऊन भिडेल’ यावर अख्खा परिच्छेद होता. धोरणात शब्द शहरांचा आहे, आणि २०२५च्या मार्गदर्शनात खेडी त्यात येत नाहीत असं सांगितलंय. तो परिच्छेद वाचायला जोरदार होता, पण धोरणाच्या कसोटीवर त्याला वजन नव्हतं.

गरजेबद्दल वाद घालण्यातही फारसा अर्थ नाही. १९६८च्या कायद्याने ट्रॅव्हलर कुटुंबांसाठी साइट्स देणं कौन्सिलांना बंधनकारक केलं होतं, १९९४मध्ये ते बंधन काढून टाकलं. तेव्हापासून कमतरता साचत आली आहे. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ७१,४४० लोकांनी स्वतःची नोंद जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर अशी केली, म्हणजे लोकसंख्येच्या ०.१ टक्का. एवढ्या लोकांना जागा देणं या देशाला जड जाऊ नये. २०११च्या ऑक्टोबरमध्ये एसेक्समध्ये डेल फार्म या ट्रॅव्हलर साइटवरून कुटुंबं हटवली, तेव्हाही मुळाशी हाच प्रश्न होता: ग्रीन बेल्टमधून उठवलेली माणसं जाणार कुठे? कौन्सिलकडे पुढच्या पाच वर्षांपुरत्या साइट्स नसतील तर अर्जाच्या बाजूचं पारडं जड होतं. हरकतीच्या पत्रात हे नाकारत बसलात तर वाचणाऱ्याचा तुमच्यावरचा विश्वास उडतो.

हे सगळं असूनही मी कदाचित बटण दाबलं असतं. वेळ मलाही नव्हता. पण त्या फॉर्ममधला दुसरा परिच्छेद मला गिळता आला नाही.

त्यात जमिनीबद्दल एक शब्द नव्हता. ही मंडळी आली की चोऱ्या वाढतील, शाळेचं वातावरण बिघडेल, संध्याकाळी बायका-मुलांना बाहेर पडणं अवघड होईल, असं लिहिलं होतं. आणि तो परिच्छेद फॉर्ममधून काढता येत नव्हता. खाली आपल्या मनाचं काही जोडायला चौकट होती, पण वरचा मजकूर कुलूपबंद. समितीला कळवलं, उत्तर आलं की सगळ्यांचा मजकूर एकच राहिला तर जोर राहतो.

मी सोलापूरचा. आमच्या वर्गात सेटलमेंटमधली मुलं होती, पारध्यांची, कैकाड्यांची, टकाऱ्यांची. वर्गात कुणाचं कंपासपेटीतलं काही हरवलं की मास्तरांची नजर आधी त्यांच्या बाकाकडे जायची. इंग्रजांनी १८७१मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये ठेवलं. १९५२मध्ये तो कायदा गेला, जमाती विमुक्त झाल्या, आणि तरी इतक्या वर्षांनी ती नजर आमच्या वर्गात होती. त्या नजरेने लिहिलेल्या परिच्छेदाखाली माझं नाव आणि घरचा पत्ता जाणार, तोही कौन्सिलच्या संकेतस्थळावर, कुणालाही वाचता येईल असा. ते माझ्याच्याने झालं नाही.

ज्यांना ही भावना परकी वाटते त्यांनी निदान व्यवहार बघावा. रोमानी जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर यांना इथल्या न्यायालयांनी वांशिक गट म्हणून मान्यता दिली आहे, २०१०चा समानता कायदा त्यांना लागू आहे. वंशद्वेषी मजकूर असलेली हरकत कौन्सिल प्रसिद्ध करत नाही, परत पाठवू शकते किंवा बाजूला ठेवू शकते. त्या एका परिच्छेदापायी रस्त्याचा आणि पाण्याचा खरा मुद्दाही वाया जाऊ शकतो.

तर स्वतःचं पत्र. माझा एक शनिवार-रविवार त्यात गेला. पैकी अर्धा वेळ लिहिण्यात नव्हे, त्या शेताच्या गेटपाशी उभं राहण्यात गेला. गल्ली अरुंद, फुटपाथ नाही, दिवा नाही. गेटमधून बाहेर पडताना उजवीकडे होली नावाच्या काटेरी झाडांचं दाट कुंपण अंगावर येतं. ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर दोन्हीकडे साधारण ४३ मीटर स्वच्छ दिसावं लागतं. मी टेप धरला नाही, पण येणारी गाडी दिसण्याआधी तिचा आवाज यायचा आणि दिसायची तेव्हा ती बसच्या लांबीइतकीही दूर नसायची. मागे टूरिंग कॅरॅव्हॅन जोडलेली गाडी त्या गेटमधून वळवून बघा असं मी पत्रात लिहिलं, आणि गेटवरून दोन्ही बाजूंचे फोटो तारखेसकट जोडले.

दुसरा मुद्दा पाण्याचा. शेताचा खालचा कोपरा ओढ्याला लागून आहे. जोराचा पाऊस झाला की तिथलं गवत दिसेनासं होतं, आठवडाभर तळं साचून राहतं, बदकं येऊन बसतात. एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या नकाशावर तो कोपरा फ्लड झोन ३मध्ये, म्हणजे पुराचा धोका सर्वांत जास्त असलेल्या पट्ट्यात, आहे, आणि आराखड्यात दोन पिच (एकेका कुटुंबाच्या कॅरॅव्हॅनच्या जागा) नेमक्या तिथेच होत्या. कायम राहण्याच्या कॅरॅव्हॅनना धोरणात ‘अतिसंवेदनशील’ वर्गात टाकलंय, झोन ३मध्ये त्यांना परवानगी देत नाहीत. पुराच्या धोक्याची जमीन ग्रे बेल्ट म्हणून पुढे करणंही अवघड जातं. म्हणजे हा मुद्दा दोन्हीकडून लागू पडतो. आणि तो त्या कुटुंबांच्याही हिताचा आहे. मध्यरात्री पाणी दारात आलं तर सगळ्यात आधी भिजणार त्यांची मुलं.

शेवटी मी एक परिच्छेद मुद्दाम घातला: तालुक्यात साइट्स कमी आहेत हे मला मान्य आहे, माझी हरकत या जागेला आणि या आराखड्याला आहे, इथे राहायला येणाऱ्यांना नाही. शेजारच्या एका गृहस्थांना हे पटलं नाही, ‘तू त्यांचंच काम सोपं केलंस’ असं म्हणाले. त्यांची काळजी खोटी नव्हती. पण मला वाटतं, एवढं कबूल करणाऱ्या माणसाचं पुढचं म्हणणं अधिकारी जरा थांबून वाचतो.

पुढे अहवाल आला. तयार पत्रांचा गठ्ठा दोन ओळींत आटोपला होता. गेट आणि ओढा यांना स्वतंत्र परिच्छेद मिळाले, महामार्ग विभागाने अर्जदाराकडून गेटच्या दृश्यमानतेचा नकाशा मागवला. ते माझ्याच पत्रामुळे झालं असा दावा मी करणार नाही. आणखी तिघा-चौघांनी स्वतंत्र लिहिलं होतं, त्यातल्या एक बाई त्या गल्लीत रोज घोडा घेऊन जातात आणि त्यांचं पत्र माझ्यापेक्षा सरस होतं. नंतर सुधारित आराखडा आला. पिच कमी झाल्या, ओढ्याकडचा कोपरा मोकळा सोडला. त्यावर अजून निर्णय व्हायचाय. गेटचा प्रश्न सुटला तर माझी हरकत मी मागे घेईन.

प्रत्येकाची परिस्थिती सारखी नसते. घरात आजारपण आहे, मुदत उद्या संपतेय, आणि तुमच्या गावच्या तयार पत्रात फक्त रस्ता, पाणी, जमीन एवढंच आहे, तर बटण दाबायला माझी ना नाही. पण ते आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. एखादी ओळ माणसांबद्दल असेल आणि काढता येत नसेल, तर अर्ध्या पानाचा स्वतःचा ईमेल बरा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. अर्जाचा क्रमांक, नाव, पत्ता, डोळ्यांनी पाहिलेले दोन मुद्दे आणि फोटो. निनावी हरकत सहसा धरत नाहीत.

अर्ज नसून कौन्सिलच्या लोकल प्लॅनमध्येच, म्हणजे कुठे काय बांधायचं ते ठरवणाऱ्या आराखड्यातच, ती जागा साइट म्हणून दाखवली असेल, तर तयार पत्राचा उपयोग आणखी कमी. तिथे साधारण सहा आठवडे मिळतात, पण प्रश्न वेगळा असतो: निवड पुराव्यावर टिकते का, राष्ट्रीय धोरणाशी जुळते का, दुसऱ्या जागा तपासल्या का. शेवटच्या टप्प्यावर बदल मागणारी हरकत वेळेत दिली असेल तर प्लॅन तपासणाऱ्या निरीक्षकापुढे स्वतः बोलायचा हक्क मिळतो, मात्र त्यासाठी फॉर्ममध्ये तशी इच्छा नोंदवावी लागते. ती चौकट बरेच लोक रिकामी सोडतात.

आणि पाठवलेल्या पत्राची प्रत जपून ठेवा. परवानगी नाकारली तर अर्जदार अपील करू शकतो, आणि तेव्हा तुमचं हेच पत्र अपिलं बघणाऱ्या ब्रिस्टलच्या प्लॅनिंग इन्स्पेक्टरेटकडे जातं. परवानगी मिळाली तर हरकत घेणाऱ्याला अपील नाही, उरतो फक्त कोर्टाचा महागडा रस्ता, तोही सहा आठवड्यांच्या आत. म्हणून जे सांगायचं ते या पहिल्याच पत्रात नीट सांगून टाका.