पुण्याचे स्मार्ट बल्ब न्यू जर्सीच्या १२० व्होल्टवर: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या जुलैत आम्ही पुण्याहून एडिसनला राहायला आलो. बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळलेले सात स्मार्ट बल्ब होते. कोथरूडच्या घरासाठी वर्षभरापूर्वीच हौसेने घेतलेले, सहाशे ते आठशे रुपयांना एक. ते तिथेच टाकून यायला मन होईना. निघण्याआधी जेवढ्या लोकांना विचारलं, त्यांच्यापैकी निम्मे म्हणाले ‘चालणार नाहीत’ आणि निम्मे म्हणाले ‘आमचे तर चालले’. दोन्ही उत्तरं खरी आहेत, हे आता कळतंय.

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज येते. इथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. हर्ट्झची काळजी करायचं कारण नाही, कारण बल्बच्या आत गेल्या गेल्या एसीचं डीसी होतं. सगळा प्रश्न व्होल्टचा, आणि त्याचं उत्तर बल्बच्या बुडाशी बारीक अक्षरांत छापलेलं असतं. माझ्या दोन बल्बांवर ‘१००-३०० व्होल्ट’ लिहिलेलं होतं. आपल्याकडे गावोगावी विजेचा दाब खाली-वर होतो, म्हणून काही कंपन्या मुद्दाम एवढी मोठी मर्यादा ठेवतात. बाकी पाचांवर ‘२२०-२४०’. त्यांतले चार एकाच कंपनीचे आणि पाचवा ऑनलाइन सेलमध्ये घेतलेला, सगळ्यात स्वस्त.

आधी होल्डरचं बघावं लागलं. आपला दोन पिनांचा बी-२२, तर इथे सगळीकडे आट्यांचा ई-२६. मध्ये बसवायचा जोड तीन-चार डॉलरला मिळतो. पण त्याने बल्बची लांबी वाढते, आणि इथल्या छताला असलेल्या काचेच्या घुमटात तो मावत नाही किंवा काचेला टेकतो. शिवाय आमच्या बेडरूममध्ये छताला दिवाच नाही! भिंतीवरचं बटण दाबलं की कोपऱ्यातल्या प्लगच्या दोन सॉकेटांपैकी एकात वीज येते आणि तिथे आपण उभा दिवा लावायचा. आमचे बहुतेक बल्ब अशाच उभ्या दिव्यांत गेले आणि ते बरंच झालं. का, ते पुढे येईल.

‘१००-३००’वाले दोन पहिल्या दिवसापासून पुण्यात चालायचे तसेच चालतात. पूर्ण उजेड, सगळे रंग, आठ महिन्यांत एकही तक्रार नाही.

चौघांची गोष्ट वेगळी. ते लागले, त्यामुळे मी पहिले दोन दिवस खूश होते. तिसऱ्या दिवशी लेकाचं डोकं दुखायला लागलं. तो त्या दिव्याखाली अभ्यास करत होता. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरला तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, म्हणजे दिवा फडफडत होता, नुसत्या डोळ्यांना जाणवणार नाही इतक्या वेगाने. व्होल्ट अर्धे झाले की तेवढ्याच वॅटसाठी बल्बला दुप्पट करंट ओढावा लागतो. आतला छोटा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) विजेच्या प्रत्येक लाटेच्या मधल्या वेळेत जास्त रिकामा होतो आणि एलईडीला लागणारा दाब क्षणभर कमी पडतो. मी उजेड टप्प्याटप्प्याने उतरवत नेला. साठ टक्क्यांच्या खाली पट्टे नाहीसे झाले. रंगीत उजेडात तर ते नव्हतेच, कारण त्याला वॅट कमी लागतात. तेव्हापासून हे बल्ब साठच्या वर न्यायचे नाहीत असा घरात नियम आहे, आणि अभ्यासाच्या टेबलावर १००-३०० वाला बल्ब आहे.

पाचव्या, स्वस्त बल्बने मला सगळ्यात जास्त शिकवलं. तो लावला, ॲप उघडलं, तर ॲपमध्ये तो चालू, उजेड १००. रंग बदलला की ॲप म्हणे बदलला. खोलीत मात्र मिट्ट काळोख. होल्डर सैल आहे, जोड खराब आहे, असं समजून मी तासभर घालवला. मग लक्षात आलं की आत दोन स्वतंत्र कामं चालतात. वायफायच्या चिपला जेमतेम ३.३ व्होल्ट लागतात आणि तिचा पुरवठा १२० वर आरामात चालतो. पण स्वस्त बल्बांत एलईडीची लांबलचक माळ एकामागे एक जोडून जवळजवळ थेट घरातल्या विजेवर ठेवतात. एसीचा दाब सतत वर-खाली होतो; २३० आणि १२० या एक प्रकारच्या सरासऱ्या. आपल्याकडे लाटेचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं, इथे १७० लाच थांबतं. माळेला दोनशेच्या वर लागत असतील, तर ती पेटणारच नाही. तो बल्ब मी परत डब्यात ठेवला.

वायफायचा त्रास वाचवायची एक युक्ती सांगते. नव्या राउटरला पुण्याच्या घरचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला. बल्ब लावल्याबरोबर आपोआप जोडले गेले. फक्त राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा चालू हवा आणि सुरक्षेचा पर्याय डब्ल्यूपीए-२. आणि ॲपचं खातं +९१ नंबरवर असेल, तर भारतातलं सिम बंद करण्याआधी ते ईमेलवर घ्या, नाहीतर ओटीपीसाठी अडून बसाल.

ॲपमध्ये घराचा पत्ता पुण्याचाच राहिला होता. देवघरातल्या बल्बला संध्याकाळी सातची वेळ लावलेली होती. इथे तो सकाळी साडेनऊला पिवळा, मंद असा लागला आणि मला कळेना काय झालं. मग घड्याळ मोजलं. बाकी सगळ्यांची वेळ मी बदलली, त्या एकाची नाही. तो लागला की आईला फोन करते, “दिवा लावलास का?” नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे गेली तेव्हा तो साडेआठला लागायला लागला, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून परत साडेनऊ. आईची वेळ तीच आहे.

डिसेंबरात चौघांपैकी एक गेला. बाथरूमच्या बंद काचेच्या दिव्यात एवढा एकच कसाबसा मावला होता. काढला तेव्हा हात लावता येत नव्हता इतका तापलेला. दुप्पट करंट आणि वर कोंडलेली उष्णता, दोन्ही मिळून कपॅसिटर संपवतात. उघड्या उभ्या दिव्यांतले तीन अजून ठीक आहेत. भिंतीवर उजेड कमी-जास्त करायचं फिरकीचं बटण असेल, तर तिथेही असे बल्ब लावू नका. गुणगुणतात आणि फडफडतात. आणि घरी कुणी नसताना ते चालू ठेवायचे नाहीत, याबाबत मी कडक आहे. त्यांच्यावर आपल्याकडच्या बीआयएसची सुरक्षेची खूण आहे, इथल्या यूएल या संस्थेची नाही, आणि घर भाड्याचं आहे.

कुणी विचारलं तर मी सांगेन की १००-३०० वाले आणा, २२०-२४० वाले शेजाऱ्यांना देऊन या. एलईडीच्या पट्ट्या मात्र जरूर आणा. त्यांच्या ॲडॉप्टरवर बहुधा १००-२४० असतं, आमची टीव्हीमागची पट्टी फक्त प्लग बदलून चालली.

उलटा प्रवास करणाऱ्यांनी मात्र प्रयोगसुद्धा करू नये. माझ्या मावसभावाने इथला १२० व्होल्टचा बल्ब नाशिकला नेऊन लावला. बटण दाबताच फटाक्यासारखा आवाज, धूर आणि घरातली एमसीबी खाली. १७० च्या हिशेबाने बसवलेल्या कपॅसिटरवर ३२५ आले. शेजारी त्याची चार वर्षांची मुलगी उभी होती; नशीब, काच फुटली नाही. अभ्यासाच्या खोलीसाठी आम्ही इथे नंतर तीन बल्ब घेतले आहेत. परत जाताना ते या घरातच राहतील, आणि देवघरातला बल्ब माझ्या हातातल्या बॅगेत येईल.