लघुग्रह कशाचा बनलाय: ग्रेटिंग, फिल्टर की आयते वर्णपट?

आठ इंची दुर्बीण हाताशी आहे, एमएस्सीच्या प्रकल्पाला पृथ्वीजवळच्या लघुग्रहांचा विषय घेतलाय आणि घोडं पद्धतीवर अडलंय, अशांसाठी हे. अंबाजोगाईजवळच्या शेतावरून मी पहिल्या दोन्ही पद्धती करून पाहिल्यात.

ग्रेटिंग स्वस्त. प्रकाशाचे रंग सुटे करून वर्णपट (रंगांची पट्टी) दाखवणारी ही काचेची चकती कॅमेऱ्यापुढे बसवली की झालं. पण प्रकाश पट्टीत पसरतो, त्यामुळे लघुग्रह चांगलाच तेजस्वी लागतो आणि तसे वर्षात मोजकेच येतात.

फिल्टर एका वेळी एकाच रंगाचा प्रकाश आत सोडतो; दोन फिल्टरमधल्या तेजाच्या फरकावरून लघुग्रहाचा रंग कळतो. याला अंधुक लघुग्रहही चालतो. मात्र तो गिरक्या घेत असतो, त्याचं तेज सतत कमीजास्त होतं. पहिल्या रात्री मी लाल फिल्टरची सगळी छायाचित्रं आधी काढली, अवरक्ताची नंतर. जो ‘रंग’ मिळाला तो गिरकीचा निघाला! लाल, अवरक्त, पुन्हा लाल असंच आलटूनपालटून घ्यायचं. लघुग्रहावरून येतो तो सूर्याचाच परावर्तित प्रकाश, म्हणून दोन्ही पद्धतींत सूर्यासारख्या ताऱ्याशी तुलना करावीच लागते.

खरी अडचण पुढेच आहे. ऑलिव्हिन, पायरॉक्सिन ही खनिजं १ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश शोषतात, आणि आपल्या कॅमेऱ्यातलं सिलिकॉन नेमकं तिथंच आंधळं होतं. शोषणामुळे वर्णपटात पडणाऱ्या खळग्याचा फक्त उतार दिसतो. पायरॉक्सिनचा दुसरा खळगा तर २ मायक्रॉनजवळ.

म्हणून माझं मत आयत्या वर्णपटांना. हवाईतल्या मौना केआवरच्या नासाच्या अवरक्त दुर्बिणीने घेतलेले कितीतरी वर्णपट इंटरनेटवर फुकट आहेत. त्यातले निक्स आणि मॅगेलन या लघुग्रहांचे आधी उघडा. दोन्ही लघुग्रह व्ही प्रकारचे, म्हणजे बेसाल्टी. विहीर खोदताना आपल्याकडे निघतो त्या काळ्या दगडाचे लांबचे भाऊबंद. खळगे तेच दोन, पण दख्खनच्या दगडातल्या पायरॉक्सिनात कॅल्शियम जास्त, म्हणून ते लांब तरंगलांबीकडे सरकतात. हा फरक मोजणं हाच एक छान प्रकल्प आहे. विद्यापीठात अवरक्त वर्णपटमापी मिळाला तर दगड घरचाच न्या.

काळ्या, कार्बनी लघुग्रहांच्या नादी पहिल्याच वर्षी लागू नका. त्यांचा वर्णपट जवळपास सपाट. बेन्नू या अशाच लघुग्रहाचा तपशील कळायला शेवटी २०२३ मध्ये तिथली १२१.६ ग्रॅम माती पृथ्वीवर आणावी लागली. इटोकावा या लघुग्रहाचं उलट: तो कोणत्या प्रकारच्या उल्काश्मांसारखा आहे, हा वर्णपटावरून बांधलेला अंदाज तिथून २०१० मध्ये आलेल्या कणांनी खरा ठरवला.

तरी फिल्टर विकू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ज्वारी राखायला माणसं रानात असतात तेव्हा, चार रात्री त्यालाही द्या. मोटार सुरू झाली की व्होल्टेज पडतं, तेवढी बॅटरी जवळ ठेवा.