टेकडीवरच्या लहान पक्ष्यांसाठी ८×४२ दुर्बीण: पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतर

चिमणीपेक्षा लहान, पानांआड सतत हलणारे पक्षी ओळखायचे असतील तर १०×४२ च्या मोहात पडू नका, ८×४२ घ्या (पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये). ८ अंश दृष्टिक्षेत्र असलेल्या दुर्बिणीतून १० मीटरवरच्या झाडाचा सुमारे १.४ मीटर रुंद भाग दिसतो. साडेसहा अंशांच्या १०× मधून जेमतेम १.१ मीटर. शिंपी पक्षी फांदी बदलतो तेव्हा हा फरक कळतो. शिवाय १०× मध्ये हाताची थरथरही जास्त दिसते. घाणेरीच्या झुडपात पक्षी अगदी समोर असतो, म्हणून २ मीटरवर फोकस होतो का हे दुकानातच तपासा.

डायॉप्टर (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी कडी) न लावताच बरेच जण काचांना दोष देतात. उजवी नळी झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करा. मग डावी झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. चष्मा असेल तर आयकप (डोळ्याजवळची रबरी कड) खाली.

पक्षी दिसला की नजर हलवू नका, दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. आकाशाच्या उजेडासमोर रंग फसवतात. आधी भुवई (डोळ्यावरची फिकट रेघ), पंखावरची पट्टी, चोच आणि शेपटी पाहा. हिवाळ्यात खरा गोंधळ घालतात ते वॉर्बलर, म्हणजे एकमेकांसारखे दिसणारे छोटे कीटकभक्षी पक्षी. ग्रीनिश वॉर्बलर वरून हिरवट, भुवई लांब आणि ठळक, पंखावर एक बारीक फिकट पट्टी. बहुतेक वेळ झाडाच्या शेंड्याकडे. ब्लिथ्स रीड वॉर्बलर मातकट, चोच लांब, भुवई आखूड, पट्टी नाहीच, झुडपात खाली. हिवाळा सरताना पिसं झिजून ग्रीनिशची पट्टीही पुसट होते, त्यामुळे 'पट्टी नाही' एवढ्यावर निर्णय देऊ नका. तेव्हा आवाज ऐका: ग्रीनिशचा दोन तुकड्यांचा 'चिस्-ली', ब्लिथ्सचा कोरडा 'चक्'.

नायट्रोजन भरलेली दुर्बीण आतून धुरकट होत नाही, पण बाहेरच्या काचांवर बुरशी येऊ शकते. पावसाळ्यात कापडी पिशवीत ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि निळे दाणे गुलाबी झाले की तापवून सुकवा. टेकडीची धूळ आधी ब्लोअरने उडवा, मगच मायक्रोफायबरने पुसा. धुळीसकट पुसलं तर काचेवरच्या लेपावर ओरखडे पडतात. वजन ६५०–७०० ग्रॅम असल्याने गळ्यातल्या पट्ट्याऐवजी खांद्यांवरचा हार्नेस लावा, तासाभरानंतर मान अवघडत नाही.