डोक्याला मातीचा लेप: मंडईतला खडा, पुडीतली पावडर आणि पाचशेच्या पुढची बरणी

पुण्यात केसांसाठी माती तीन रूपांत मिळते. मंडई आणि रविवार पेठेच्या आसपास काष्ठौषधींच्या दुकानांत मुलतानी मातीचे खडे, औषधांच्या दुकानांत वस्त्रगाळ पावडरची पुडी, आणि ऑनलाइन किंवा मॉलमध्ये ‘मृत समुद्राच्या खनिज मातीचा हेअर मास्क’ म्हणून बरणी. पाव किलो खडा घेतला तर शंभराच्या नोटेतून सुटे परत मिळतात. बरणी दोन-अडीचशे मिलीची आणि किंमत पाचशेच्या पुढे. मातीचं काम मात्र तिन्हींत एकच: टाळूवरचं जादा तेल, घाम आणि धूळ ओढून घेणं. स्कार्फ आणि वर हेल्मेट घालून रोज कात्रज ते हिंजवडी करणाऱ्या डोक्याला ते काम नक्कीच उपयोगाचं. ‘खनिजं मुळांना पोषण देतात, केस वाढतात’ हे वेष्टनावरचं वाक्य वाचून सोडून द्यावं. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याला मॅग्नेशियम खाता येत नाही.

खडा घ्यायचा तर एक तुकडा पाण्यात टाकून बघा. चांगली मुलतानी माती बुडबुडे सोडत काही मिनिटांत आपोआप विरघळून ढासळते. तसाच पडून राहिला तर ती भलतीच माती समजा. दुसऱ्या तुकड्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. जोरात फसफसलं तर त्यात चुनखडीचा अंश जास्त आहे. खडे फोडून दुप्पट पाण्यात रात्रभर भिजवावेत, सकाळी ढवळून वरचा दाट भाग जुन्या मलमलीतून गाळून घ्यावा आणि तळाशी बसलेली रेव झाडांना टाकावी. हीच रेव न काढता चोळली की टाळूवर ओरखडे पडतात आणि दोष मातीवर जातो. एवढा खटाटोप नको असेल तर वस्त्रगाळ पुडी बरी. पुडीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर ती परत ठेवा. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने काही बेंटोनाइट मातीच्या (मुलतानी मातीसारखीच तेल शोषणारी माती) उत्पादनांत शिसं सापडल्याचा इशारा दिला होता, त्यामुळे बेनामी पुडी स्वस्त पडली तरी नको.

खांद्यापर्यंतच्या केसांना, फक्त टाळूपुरते, तीन मोठे चमचे पावडर म्हणजे साधारण 30 ग्रॅम पुरतात. वाटीत आधी 60-70 मिली पाणी घ्या, त्यावर पावडर भुरभुरवा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. पावडरीवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात, त्या केसांत अडकल्या की कंगव्याशिवाय निघत नाहीत. मिश्रण घावनाच्या पिठाइतकं सरसरीत हवं. धुऊन घेतलेल्या सॉसच्या टोकदार बाटलीत भरलं तर भांगाभांगातून थेट टाळूवर सोडता येतं, टोकांना लागत नाही. पावडर ओतताना नाकावर स्कार्फ बांधा, तो घरात असतोच. धातूचा चमचा चालणार नाही म्हणतात, पण पंधरा मिनिटांत स्टीलला किंवा मातीला काहीही होत नाही. लिंबू घालू नका, टाळू चुरचुरते. कालवलेली माती उरली तर टाकून द्या. त्यात टिकवणारा संरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसतो आणि ओलीत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

शनिवारी रात्री चंपी आणि रविवारी सकाळी माती हा क्रम बऱ्याच घरांत दिसतो. तो उलटा पडतो. मातीची शोषायची ताकद त्या खोबरेलातच संपते आणि केसांत तेलकट चिखल राहतो. तेल न लावलेल्या, ओल्या केसांवर लावा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते वाळण्यावरून. चेहऱ्यावर लेप तडकेपर्यंत ठेवायची सवय डोक्यावर चालत नाही. वाळताना माती आकसते, केसाला धरून खेचते, आणि नंतर पाणी लागेपर्यंत केस तिथेच तुटतो. एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली पातळ लेप बघता बघता वाळतो. म्हणून लावल्यावर लगेच शॉवर कॅप, दहा मिनिटं, फार तर पंधरा. कडा पांढरट दिसू लागल्या की हात ओला करून फिरवा.

आता पाणी. पेठांत खडकवासल्याचं नळाचं पाणी येतं, ते मऊ असतं आणि माती झपाट्याने निघते. वाघोली, वाकड, बाणेरच्या ज्या सोसायट्या टँकर आणि बोअरवर चालतात तिथे हाच लेप छळतो. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यांना एकत्र गोळा करतं आणि गाळ केसांना चिकटून बसतो. खात्री करायची तर दोन ग्लासांत, एकात आरओचं आणि एकात बोअरचं पाणी घेऊन अर्धा-अर्धा चमचा माती ढवळा. बोअरच्या ग्लासात वरचं पाणी लवकर नितळ होतं. अशा घरात माती आरओच्या पाण्यात कालवा आणि पहिले दोन लिटर तेच पाणी केसांवरून सोडा, मग शॉवर. केस सरळ सोडून चार-पाच मिनिटं धार, न चोळता. मग थोडा शाम्पू. कंडिशनर शाम्पूनंतरच आणि फक्त टोकांना, कारण त्यातले धन भाराचे घटक उरलेल्या मातीला धरतात आणि वाळल्यावर राखाडी पापुद्रे पडतात. लोक त्यालाच कोंडा समजतात. माती अल्कधर्मी असल्याने केस खरखरीत वाटले तर लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून शेवटचा तांब्या.

बरणीचं काय? मऊ लागते, कालवायची कटकट नाही, केसही मऊ होतात. मऊपणा कंडिशनरचा आहे. घटकांची यादी बघा: ती प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि फिनॉक्सीइथेनॉल हा संरक्षक एक टक्क्याहून जास्त घालता येत नाही. ‘सी सिल्ट’ किंवा ‘मारिस लिमस’ (यादीतली समुद्राच्या मातीची नावं) त्याच्यानंतर छापलं असेल तर बरणीत माती एक टक्काही नाही. काओलिन (पांढरी चिनी माती) किंवा बेंटोनाइट पहिल्या चार-पाच नावांत असेल तर पैसे निदान मातीला गेले. खरोखर मृत समुद्राची, म्हणजे चिक्कार मीठ असलेली माती असेल तर खाजवून सोललेल्या टाळूला झोंबते आणि रंगवलेल्या केसांचा रंगही उतरवू शकते.

तेलकट टाळूला आठवड्यातून एकदा पुडी, हाच आमचा कौल. कोरड्या, कुरळ्या किंवा रंगवलेल्या केसांना महिन्यातून एकदा, तेही काओलिन. ती सौम्य आहे आणि तेल कमी ओढते. खाज आणि चिकट पिवळट कोंडा असेल तर माती बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. असा कोंडा मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीशी जोडलेला असतो, त्याला कीटोकोनॅझोलसारखं औषध लागतं.

आणि पहिलं धुणं बादलीवर वाकून करा. गाळ खाली बसल्यावर वरचं पाणी मोरीत, गाळ कुंडीत. थेट मोरीत सोडलेली माती जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साचते, आणि प्लंबर बोलवावा लागला की स्वस्तातला खडा बरणीपेक्षा महाग पडतो.